ठाण्यात आयरिश धुनांची शिकाऊ बैठक कशी भरवावी

ज्यांनी सोसायटीतलं भजनी मंडळ पाहिलंय, त्यांना आयरिश सेशन फार समजावून सांगावं लागत नाही. गोलात बसायचं, एकाने धून उचलली की ज्याला येते त्याने त्यात मिसळायचं. समोर श्रोते असले काय, नसले काय. तिकडे हे बहुतेक पबमध्ये चालतं. आम्ही घोडबंदर रोडला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी बसतो.

वेळ जपून निवडा. टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची शिट्टी, दिसते वीतभर, पण वरच्या सप्तकात दोन मजले ओलांडते. दुपारी दोन ते चार कुणाच्या वामकुक्षीत शिट्टी घुसली की पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर तुम्हीच. सहा-सात जणं पुरेत, आणि दीड तासाच्या वर ताणू नका.

व्हिसल घ्यायची तर डीचीच, कारण बहुतेक धुना डी आणि जी या पाश्चात्त्य पट्ट्यांमध्ये बसतात. पण घरात पांढरी पाचची (सा म्हणजे जी) बासरी असेल तर खरेदी लांबणीवर टाका. तिची सहाही भोकं बंद केली की डी लागतो, आणि खालून एकेक बोट उचलत गेलं की डी मेजर तयार. बोटं अगदी व्हिसलचीच, आवाज तेवढा एक सप्तक खाली. फक्त साधा सी (शार्प नसलेला), म्हणजे तुमचा शुद्ध मध्यम, अर्ध्या भोकातून काढावा लागतो. तो तुम्हाला येतोच. व्हायोलिनवाल्यांनी सा-पमधून तारा सोडवून जी-डी-ए-ई लावून यावं, आणि घरूनच लावून यावं.

सरगम लिहून वाटू नका. बासरीवाले जीला सा म्हणणार, पेटीवाल्या बाई धुनेप्रमाणे सा बदलणार, आणि वाजवायचं सोडून सा कुठला यावरच चर्चा. स्वरांना सरळ डी, ई, एफ शार्प म्हणा. त्याहून बरं म्हणजे कानाने शिकवा: एकाने दोन बारचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) तुकडा सावकाश वाजवायचा, सगळ्यांनी आधी तो गुणगुणायचा, मगच वाद्य हातात. गळ्यात बसला नाही तो तुकडा बोटांत बसत नाही.

पहिली धून पोल्का, म्हणजे दोन-दोनच्या चालीची नाचाची धून, असू द्या, 'ईगन्स पोल्का' डीमध्ये सोपी आहे. मग 'केश जिग', जीमध्ये. हिच्या पहिल्या चार बारांत भूपाचेच पाच स्वर येतात, त्यामुळे आपल्या लोकांचे चेहरे लगेच खुलतात. खुलू द्यावेत, पण भूप दिसला म्हणून आलाप सुरू करायचा नाही. धुनेला साधारण दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारांचा आणि दोनदा वाजवायचा. अशी सबंध धून बहुधा तीनदा घेऊन न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. ही उडी चुकतेच, म्हणून धून बदलणाऱ्याने शेवटच्या फेरीत मान वर करून सगळ्यांकडे बघायचं.

बासरीवाल्यांनी मींड घरी ठेवावी. कण चालेल, तिथला 'कट' जवळपास तसाच, वरच्या बोटाची निसटती टिचकी. श्वासाला जागा नसते, तेव्हा एखादा छोटा स्वर चक्क गाळा. बाकीचे वाजवत असतात, कुणाला कळत नाही. व्हिसल मधेच घोगरी झाली तर तोंडाजवळच्या चौकोनी खिडकीवर बोट दाबून जोरात फुंका, आतलं पाणी निघून जातं. (समोर कुणी बसलेलं नाही एवढं बघा.)

आता तबलजी. जिग ६/८, म्हणजे दादऱ्यासारखी तीन-तीनची चाल. रील म्हणजे चार-चारची चाल, तिच्यावर केरवा बसतो. ठेका धरा, पण लग्गी नको, तिहाई तर अजिबात नको. तालवाद्य एका वेळी एकच. तिथे बौरान (bodhrán) म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ असतो आणि त्यालाही हाच संकेत लागू आहे. पावसाळ्यात त्याचं कातडं आपल्याकडे सैल पडतं हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या. तंबोऱ्याचं ॲप बंद ठेवा, कारण धुनेबरोबर आधारस्वर बदलतो.

लय धून सुरू करणाऱ्याची. त्याने मिनिटाला साठ ठोक्यांची जिग धरली तर तीच सगळ्यांची, मग कुणाचा हात कितीही शिवशिवो. सराईत मंडळी ११० च्या पुढे जातात, ते नंतर बघू. धून येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचं. चाचपडत सूर शोधायचे ते घरी. त्यासाठी फोनवर रेकॉर्ड करून न्या. १९५१ साली स्थापन झालेल्या 'कोल्तस' या आयरिश संस्थेची ध्वनिमुद्रणंही ऐकत जा.

शेवटच्या पंधरा मिनिटांत नवीन काही नाही, येतात त्याच धुना सलग. चहा त्यानंतर, आधी आला तर पुन्हा कुणी वाद्य उचलत नाही. आणि रील वाजवायची घाई झालेल्याला सांगा, आधी पोल्का तीनदा सलग, न थांबता.