सही करण्याआधीची काटकसर

नव्या देशात पाऊल ठेवलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वस्तात काय कुठे मिळतं? विचारायला हरकत नाही, पण या प्रश्नाचा नंबर बराच खाली लागतो. आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तुम्ही ज्या कागदांवर सह्या करता (घराचा करार, फोन, इंटरनेट, विमा, कदाचित गाडीचं कर्ज), त्यांतच पुढच्या वर्षभराचा घरखर्च बांधला जातो. नंतर रोजच्या खरेदीत कितीही हात आखडता घेतला तरी तो आकडा जागचा हलत नाही. तेव्हा सगळा चिवटपणा त्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.

सगळ्यांत मोठा आकडा भाड्याचा. जमलं तर सुरुवातीला थोड्या मुदतीची खोली घ्या आणि कामाचं ठिकाण, येण्याजाण्याचा रस्ता, मुलं असतील तर त्यांची शाळा हे सगळं नक्की झाल्यावरच वर्षाचा करार करा. लांबचं घर स्वस्त दिसतं. त्याच्या भाड्यात महिन्याचा प्रवासखर्च मिळवा, गाडी घ्यावीच लागणार असेल तर तिचा विमा, इंधन आणि पार्किंग मिळवा, आणि मग दोन घरांची तुलना करा. भाड्यात नेमकं काय धरलंय तेही विचारा: पाणी, वीज, घर गरम ठेवण्याचा खर्च, कचरा, इमारतीची देखभाल. सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवावं लागतं, मुदतीआधी सोडलं तर काय कापतात, हे करारात वाचा. तोंडी सांगितलेलं धरून चालू नका. किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, डागाचे फोटो काढा, मीटरचे आकडे टिपा आणि ते त्याच दिवशी घरमालकाला लेखी पाठवा. अनामत रक्कम परत मिळवताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

भाडं पगाराच्या ३० टक्क्यांत बसवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो दैवी आकडा नाही. अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाडेकरूंसाठी १९६९ साली कायद्याने उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ साली ती ३० टक्क्यांवर नेली. या आकड्याच्या प्रसिद्धीत त्या कायद्याचा मोठा वाटा आहे. तयार टक्केवारी सगळ्यांना सारखी लागूही पडत नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. तुमचा पहिल्या वर्षीचा पगार आणि माझा आजचा पगार एकाच साच्यात बसवण्यात म्हणूनच अर्थ नाही. पहिला महिना कोणतंही अंदाजपत्रक न मांडता नुसता खर्च लिहा. वहीत लिहा नाहीतर फोनवर, पण त्याच दिवशी लिहा. रकाने सहा-सातच ठेवा. वीस रकाने करणारे लोक दुसऱ्या आठवड्यात लिहिणं सोडतात.

आता पगार. नोकरीच्या पत्रातला आकडा विसरा आणि कर, विमा, निवृत्तिनिधी कापून बँकेत जमा होतो तोच खरा धरा. तो कधी जमा होतो हेही बघा. दर पंधरवड्याला पगार असेल तर वर्षाचे २६ पगार होतात, म्हणजे दोन महिन्यांत तीन-तीन पगार येतात. घरखर्च दोनच पगारांवर बसवा आणि तिसरा थेट गंगाजळीत टाका. भाड्याच्या बाबतीत हीच गंमत उलटी होते. भाडं आठवड्याचं सांगितलं असेल तर त्याला चाराने गुणून महिना काढू नका. वर्षाचे ५२ आठवडे भागिले १२ म्हणजे ४.३३. नुसत्या चाराने गुणलं तर खरा आकडा तुमच्या अंदाजापेक्षा ८ टक्क्यांहून थोडा जास्त निघतो, आणि महिनाअखेरीची ओढाताण पुष्कळदा तेवढ्याचीच असते.

प्रत्येक किमतीचं मनातल्या मनात मायदेशाच्या चलनात रूपांतर करण्याची खोड सगळ्यांनाच असते. तिचे तोटे दोन. खर्चाचं रूपांतर केलं की गरजेची वस्तूही महाग वाटते आणि माणूस थंडीत पातळ कोट घालून फिरतो. पगाराचं रूपांतर केलं की आपण श्रीमंत झालो असं वाटतं आणि हप्त्यांवर गाडी येते. त्यापेक्षा निव्वळ पगाराला कामाच्या तासांनी भागा, प्रवासाचे तासही त्यात धरा. मग ही वस्तू माझे किती तास खाते, एवढंच विचारा. जुनं चलन फक्त घरी पैसे पाठवताना आठवा.

घरी पैसे पाठवणं हा अंदाजपत्रकातला एक रकाना आहे. महिन्याच्या शेवटी उरलं तर पाठवू, असं म्हणाल तर पाठवायला काही उरणार नाही, किंवा पाठवून झाल्यावर तुमच्याकडे काही राहणार नाही. रक्कम आणि तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. शुल्क शून्य अशी जाहिरात दिसली की विनिमयाचा दर तपासा, कारण कमाई तिथे दडवलेली असते. हजार पाठवले, शुल्क काहीच नाही, पण दर बाजारातल्या मधल्या दरापेक्षा (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा दर) २ टक्क्यांनी कमी असेल तर वीस गेलेच. तुलना एकाच गोष्टीची करा: तुमच्या खात्यातून एकूण किती गेले आणि तिकडे हातात किती पडले. दर खेपेला ठरावीक शुल्क पडत असेल तर थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचे एकदम पाठवणं बरं.

अवघड भाग वेगळाच आहे. तुम्ही परदेशी गेलात ही बातमी गावभर होते, आणि मग कोणाच्या लग्नाला, कोणाच्या घराच्या छताला, कोणाच्या धंद्याला मदतीची विचारणा येते. यातल्या काही विचारण्या खरोखर निकडीच्या असतात. वर्षाला एक रक्कम या कारणासाठी बाजूला काढा, आणि ती संपली की या वर्षी जमणार नाही असं सरळ सांगा. सोबत इथलं भाडं किती ते एकदा घरी मोकळेपणाने सांगून टाका. आईवडिलांना काळजी नको म्हणून आपण खर्च लपवतो आणि त्यांचा समज होतो की पोराकडे पैसा पडून आहे.

अंदाजपत्रक मोडतं ते बहुधा वर्षातून एकदाच उगवणाऱ्या खर्चांमुळे: विम्याचं नूतनीकरण, व्हिसाचं शुल्क, पासपोर्ट, दाताचा दवाखाना, मायदेशी जायचं विमानभाडं, परत जाताना न्यायच्या भेटवस्तू. आम्ही त्यांना सर्रास अचानक आलेले म्हणतो, पण व्हिसाची मुदत तर पहिल्या दिवसापासून कागदावर छापलेली असते. हे सगळे खर्च एका कागदावर लिहा, बेरजेला बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगार येताच वेगळ्या खात्यात वळती करा. हे एकच काम नेमाने केलंत तर बाकीच्या पुष्कळ चुका पोटात घेता येतात.

संकटासाठीची शिल्लक निराळी. स्थानिक माणसाची नोकरी गेली तर फक्त पगार थांबतो. तुमचं राहण्याचं परवानापत्र नोकरीशी जोडलेलं असेल तर देश सोडायच्या मुदतीचं घड्याळही चालू होतं. म्हणून आधी एका महिन्याचं भाडं, मग घरातल्या सगळ्यांचं परतीचं विमानभाडं, आणि त्यानंतर तीन महिन्यांचा खर्च, अशी ती साठवत जा. हे पैसे शेअर बाजारात टाकू नका, लगेच काढता येतील असे ठेवा.

क्रेडिट कार्डाबद्दल लोक दोन टोकांची मतं देतात. काही देशांत पत तयार झाल्याशिवाय घरही भाड्याने मिळत नाही, तेव्हा एक कार्ड घ्यावं लागतं. त्यावर फोनचं बिल, एवढा एकच ठरलेला खर्च टाका आणि पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सोय करा. किमान रक्कम भरत राहण्याचा हिशोब बघा: व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे २. हजाराच्या बाकीवर वीस व्याज. किमान भरणा ३ टक्के, म्हणजे तीस. तुम्ही तीस भरलेत आणि कर्ज फिटलं दहाने. वर कार्डाने हातही सैल सुटतो. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ सालच्या प्रयोगात कार्डाने पैसे देणाऱ्यांनी त्याच खेळाच्या तिकिटांना रोखीवाल्यांपेक्षा बऱ्याच जास्त बोली लावल्या. किरकोळ खर्च सुटत असेल तर आठवड्याची रोकड पाकिटात ठेवून बघा.

वीज वाचवताना नेमकं काय खातं ते आधी कळायला हवं. आमच्याकडे दिवा बंद केला नाही म्हणून अजून बोलणी बसतात. ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट खायला शंभराहून जास्त तास घेतो. उलट मिनिटाला नऊ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलात आणि पाणी विजेच्या गिझरने ३० अंशांनी तापवलेलं असलं, तर तीन युनिटं उडतात. तो दिवा तेवढ्यात साडेतीनशे तास जळेल. पैसा उष्णतेत जातो: घर गरम करणं, पाणी तापवणं, कपडे मशीनमध्ये वाळवणं. दाराखिडक्यांच्या फटी बुजवा, कपडे कमी तापमानाला धुवा, दोरीवर वाळत घाला. दिव्यावरून भांडण मात्र टाळा.

वाणसामानाचं थोडक्यात सांगते. पुड्यावरची किंमत सोडा, किलोमागचा किंवा लिटरमागचा दर वाचा. मोठा पुडा दर वेळी स्वस्त असतोच असं नाही, आणि अर्धा टाकून द्यावा लागला तर तो महागच पडला.

जुनं सामान बिनदिक्कत घ्या. देश सोडून निघालेली माणसं टेबलं-खुर्च्या जवळपास फुकट देतात. तीन गोष्टी मात्र जुन्या घेऊ नका: लहान मुलाची गाडीतली सीट आणि हेल्मेट, कारण अपघातातली इजा बाहेरून दिसत नाही, आणि गादी, कारण ढेकूण घरात आले की घालवण्याचा खर्च नव्या गादीला मागे टाकतो. आरोग्य विमा, धड बूट आणि तिथली भाषा शिकण्याचा वर्ग यांतही कापाकापी नको. भाषा आली की करार स्वतः वाचता येतो आणि पगारही वाढतो.

खोली वाटून राहत असाल तर सामाईक खर्च त्याच आठवड्यात मिटवा. साठलेली बाकी मैत्रीवर येते. नवराबायकोंनी दोघांसाठी थोडी-थोडी रक्कम अशी ठेवावी जिचा जाब कोणी विचारायचा नाही.

आणि फोन, इंटरनेट, विमा यांचे करार जिथे संपतात त्या तारखा आजच कॅलेंडरवर टाका. पहिल्या वर्षाची सवलत संपली की दर गुपचूप चढतो. मुदतीच्या महिनाभर आधी दुसरीकडचा दर काढून ठेवा, मग फोन करून सोडायचंय म्हणून सांगा आणि पलीकडून काय सांगतात ते ऐका.