ब्रुजमध्ये दोन रात्रींसाठी हॉटेल घेताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "हे हॉटेल बघ रे, फोटो मस्त आहेत, रेटिंग नऊच्या वर आहे, चांगलं आहे ना?" मी बेल्जियममध्ये ल्यूव्हनला राहतो. त्यामुळे नात्यातली, सोसायटीतली आणि बायकोच्या ऑफिसातली समस्त मंडळी मला फुकटचा ट्रॅव्हल एजंट समजतात. पॅरिस आणि ॲमस्टरडॅमच्या मधे इथल्याच ब्रुज शहरात दोन रात्री, हा आता सगळ्यांचा ठरलेला बेत. आणि मला विचारतात कधी? बुकिंग करून झाल्यावर. तेही पैसे परत न मिळणारं.

तर आधी व्हिसाचं बोलून टाकतो, कारण त्यात पैसे थेट बुडतात. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) अर्जाला राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणून लोक घाईघाईने सगळ्यात स्वस्त, रद्द न होणारी खोली घेतात. नंतर व्हिसा लांबतो किंवा तारखा सरकतात. पासपोर्टवर शिक्का दिसेपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग घ्या. रात्रीमागे दहा-पंधरा युरो जास्त गेले तर जाऊ देत. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी "पण ते स्वस्त होतं ना" म्हणतंच.

दुसरा प्रकार म्हणजे "ब्रसेल्सलाच राहतो, दिवसभरात ब्रुज उरकून येतो." ट्रेनने तासाभराचं अंतर आहे, त्यामुळे हे जमतं. पण दिवसभरात येणारे सगळे असाच विचार करून आलेले असतात, शिवाय झेब्रुग बंदरात क्रूझ लागली असेल तर बसगाड्या भरभरून आणखी माणसं. दुपारी बारा वाजता मार्क्ट चौकात दिवाळीआधीच्या रविवारची तुळशीबाग असते. संध्याकाळी सहानंतर हीच गर्दी स्टेशनाकडे ओसरते. कालव्याकाठच्या रोझेनहुडकायच्या ज्या कोपऱ्यावर दुपारी फोटोसाठी कोपर मारावं लागतं, तिथे सकाळी सातला तुम्ही, कालव्यातलं धुकं आणि एखाद-दुसरा कुत्रा फिरवणारा म्हातारा. ब्रुजमधल्या खोलीचे पैसे आपण या वेळांसाठी मोजतो. त्यात रस नसेल तर खुशाल ब्रसेल्सला राहा, माझं काही म्हणणं नाही. पण ब्रुजमध्ये राहायचं ठरवलं की हॉटेल निवडताना एकच प्रश्न: संध्याकाळी जेवून झाल्यावर आणि सकाळी चहाआधी मी दोन मिनिटांत रस्त्यावर येऊ शकतो का?

आता माझ्या खास रागाची चूक. जिने.

तीन वर्षांपूर्वी बायकोची मावशी आणि काका नाशिकहून आले. मावशींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बुकिंग लेकीने पुण्यात बसून केलं होतं, "सगळं नीट बघून". कालव्याकाठचं घर, पायऱ्यापायऱ्यांचा तो ब्रुजचा त्रिकोणी दर्शनी भाग, खोलीत लाकडी तुळया, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. फोटो बघून मीसुद्धा गप्प बसलो, ही माझी चूक.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पहिला जिना बरा होता. दुसरा अरुंद. तिसरा म्हणजे शिडीच, फक्त तिला जिना म्हणायचं. पायरी इतकी आखूड की पाऊल आडवं ठेवावं लागे, आणि कठड्याच्या जागी भिंतीला अडकवलेला जाड दोर. खाली तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांत लाडू, भाकरवडी, मेथीचे ठेपले आणि काकांचा तो लोखंडी तवा, "लागला तर असावा" म्हणून आणलेला. मालकीणबाई साठीच्या. त्यांनी काही न बोलता एक बॅग उचलली आणि चढायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी पायऱ्या मोजल्या: एक्कावन्न.

मावशी एकदा वर चढल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरल्या. ज्या संध्याकाळसाठी पैसे मोजले ती संध्याकाळ पोटमाळ्यावर गेली. बरं, खिडकीतून कालवा तरी दिसावा, तर खिडकी छताला. दिसत होतं ते आभाळ. मी खालून वॅफल नेऊन दिले, ते वर पोचेपर्यंत गार. दुसऱ्या दिवशी मार्क्टवरच्या घंटाघराच्या ३६६ पायऱ्या चढायचं मी सुचवलं तर काका म्हणाले, "आमचं घंटाघर हॉटेलातच झालं."

यात हॉटेलवाल्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिफ्ट नसल्याचं लिहिलेलं होतं. लेकीने ते वाचलंही होतं. "मला वाटलं, असेल एखादा मजला."

ब्रुजमधली घरं अशी का, हे समजलं तर चूक होणार नाही. मध्ययुगात हे युरोपातलं बडं व्यापारी शहर. समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, पंधराव्या शतकाच्या अखेरीला व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि शहर पुढे शतकानुशतकं गरिबीत पडून राहिलं. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं टिकलं. आज त्याच जुन्या गावठाणाला जागतिक वारशाचा दर्जा आहे (२००० पासून). रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल अशी ही घरं. त्यांच्या पोटातून लिफ्टचं भोक पाडणं कुठे शक्य नसतं, तर कुठे त्याची परवानगी मिळत नाही. तेव्हा वर्णनात "ऐतिहासिक वास्तू" दिसलं की मी तुळयांकडे बघत नाही, गुडघ्यांकडे बघतो.

माझी सवय अशी. हॉटेलच्या अभिप्रायांमध्ये जिन्यासाठीचा इंग्रजी शब्द शोधतो, मग डच शब्द शोधतो. डचमध्ये जिन्याला जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या 'ट्रॅप'चंच आहे, सापळावाल्या. लक्षात ठेवायला सोपं. त्यानंतर हॉटेलला एका ओळीचा ईमेल: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? "लिफ्ट आहे का" असं विचारत नाही, कारण "आहे" या उत्तरात लिफ्ट पाच पायऱ्या चढल्यावर सुरू होते किंवा ती शेजारच्या इमारतीत आहे, हे येत नाही. आकडा मागितला की आकडा मिळतो. "थोड्याच आहेत" असं आलं तर मी ते हॉटेल सोडून देतो. आणि दोन रात्रींसाठी मोठ्या बॅगा नेतच नाही. पाहुण्यांच्या बॅगा ल्यूव्हनला आमच्या बाल्कनीशेजारी पडून असतात, तव्यासकट.

अंतराच्या बाबतीत लोक ॲपवरच्या आकड्यावर विसंबतात. "केंद्रापासून दीड किलोमीटर" म्हणजे पक्ष्याला दीड. जुनं ब्रुज अंड्याच्या आकाराचं आहे आणि त्याभोवती पाण्याचा वेढा. पूल ठरावीक ठिकाणीच आहेत, त्यामुळे वेढ्याबाहेरचं हॉटेल नकाशावर शेजारी दिसलं तरी पायाला लांब पडतं. नावात ब्रुज असलेली हॉटेलं पार बाहेरच्या वस्त्यांत, मोठ्या रस्त्याच्या कडेलाही आहेत. गाडी असेल तर ती ठीक. एका भाच्याने तर झेब्रुगलाच खोली घेतली होती, नावात ब्रुग दिसलं म्हणून. कंटेनरच्या क्रेन बघून आला.

रेल्वे स्टेशनही वेढ्याच्या बाहेर आहे. (पाटीवर 'ब्रुगे' असतं, ब्रुज शोधत पुढे निघून जाऊ नका.) तिथून मार्क्ट चालत वीस-पंचवीस मिनिटं. हा आकडा मोकळ्या हातांचा. फरसबंदीवर चाकांची बॅग ओढत चाललात की खडखडाटाने अख्ख्या गल्लीला कळतं, पाहुणे आले. इथले लोक त्या गोट्यांना पोरांची डोकी म्हणतात. बॅग असेल तर स्टेशनासमोरून शहरात जाणारी बस घ्या. तिथे हट्टाने चालत जाण्यात काही मर्दुमकी नाही.

मग थेट मार्क्टवरच खोली घ्यावी का? नको. घंटाघरात ४७ घंटा आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. बुधवारी त्याच चौकात बाजार भरतो, म्हणजे सकाळी गाड्या, फळ्या, आरडाओरडा. शनिवारचा बाजार झांद चौकात, तिथेही तेच. मी सुचवतो ती पूर्वेकडची सिंट-आन्ना वस्ती. बुटकी घरं, दारात सायकली, टोकाला क्राउसपोर्ट या जुन्या वेशीजवळ पवनचक्क्या, आणि मार्क्ट दहा-पंधरा मिनिटांवर. फोटोत ती मार खाते, म्हणून उतावळे लोक तिला वगळतात.

रात्री उशिरा पोचणं, ही चूक मी स्वतः केली आहे, तीही इथे राहून. पाच-सात खोल्यांची हॉटेलं घरची माणसं चालवतात. संध्याकाळी ती आपली कुलूप लावून घरी जातात आणि दाराचा कोड मेलवर पाठवतात. आम्ही नोव्हेंबरमध्ये रात्री अकराला पोचलो. मेल बायकोच्या खात्यात, तिचा फोन मेलेला, आणि पासवर्ड तिलाही आठवेना. भुरभुर पाऊस. शेवटी आयरमार्क्टच्या एका बारमध्ये, दोन गरम चॉकलेटच्या बदल्यात, फोन चार्ज करून मिळाला. तेव्हापासून कोड मी पेन्सिलीने तिकिटाच्या मागे लिहितो. लोक हसतात, हसू देत. विमान संध्याकाळचं असेल तर त्या रात्री ब्रुज गाठायच्या भानगडीत पडू नका. सामान येऊन विमानतळाबाहेर पडायलाच तास जातो, पुढे ट्रेनचे दीड तास.

बाकी फुटकळ. पैसे भरताना शहराचा माणशी कर किमतीत धरला आहे का, ते बघा. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, बहुधा मे महिन्यात, पवित्र रक्ताची मोठी मिरवणूक निघते. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जाड पडदे आहेत का ते विचारा. डिसेंबरात पावणेपाचला अंधार होतो, तेव्हा कालव्याच्या देखाव्याचे जादा पैसे देऊ नका. गाडी भाड्याने घेऊन येत असाल तर ती स्टेशनाजवळच्या पार्किंगमध्ये सोडा, आतल्या गल्ल्यांत शिरू नका. जेट स्प्रे नसतो. हे दर वेळी सांगतो, तरी पहिला फोन त्याचाच येतो.

आणि न्याहारी. शाकाहारी माणसाने पंधरा-वीस युरोंची हॉटेलची न्याहारी आंधळेपणाने घेऊ नये. ब्रेड, चीज, जॅम आणि एक केळं एवढंच वाट्याला येतं, बाकी टेबल हॅमचं. ते सगळं कोपऱ्यावरच्या बेकरीत निम्म्यात होतं. हॉटेलला पाणी गरम करायची किटली मात्र आधीच विचारून ठेवा, सगळीकडे नसते. आणि "मग फ्राइज खाऊन राहू" म्हणणाऱ्यांनी आधी गाडीवाल्याला तेल कसलं ते विचारा. इथे पारंपरिक फ्राइज गोमांसाच्या चरबीत तळतात. मावशींना मी हे त्यांची दुसरी पुडी संपल्यावर सांगितलं.