ट्रेकसाठी आणि रात्रीच्या फोटोंसाठी ट्रायपॉड घेताय? या चुका टाळा

डोंगर चढताना ट्रायपॉड हलका हवा, आणि रात्री शटर वीस-वीस सेकंद उघडं असताना तो जराही हलायला नको. या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत. भरपूर पैसे मोजले तर दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. मधल्या किमतीत मात्र कशावर तरी पाणी सोडावं लागतं. बहुतेक जण उंची राखतात आणि पायांच्या जाडीवर पाणी सोडतात. माझं मत नेमकं उलट आहे. वजन वाचवायचं असेल तर उंची सोडा, जाडी सोडू नका. खालच्या बऱ्याचशा चुका या एका निर्णयापाशीच सुरू होतात.

खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबणं

‘कमाल भार ८ किलो’, ‘१२ किलो’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय तो सांगतो ते इतकंच, की एवढ्या वजनाखाली पाय घसरणार नाहीत किंवा काही मोडणार नाही. वाऱ्यात ट्रायपॉड किती थरथरेल, ती थरथर किती वेळात विरेल, याबद्दल तो काहीच बोलत नाही. कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स मिळून जे वजन होईल त्याच्या दोन-तीन पट भार लिहिलेला असला म्हणजे पुरे. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

वजनाचा आकडाही नीट वाचा. अनेकदा तो फक्त पायांचा असतो. हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा वळवायचा भाग) आणि प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी) धरली की ३०० ते ५०० ग्रॅम वाढतात, आणि पाठीवर ते सगळंच येतं.

पायांचे तुकडे आणि सगळ्यात बारीक नळी

घडी केल्यावर ट्रायपॉड जितका आखूड हवा, तितके पायाचे तुकडे जास्त. प्रत्येक तुकडा वरच्या नळीत शिरायचा असल्याने त्याचा व्यास साधारण ३ मिलिमीटरने कमी होत जातो. वरची नळी २५ मिलिमीटरची असेल तर चार तुकड्यांच्या पायात शेवटची नळी १६ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि पाच तुकड्यांच्या पायात १३ च्या. जाहिरातीत आकडा वरच्या नळीचा दिसतो. उभं राहायचं असतं ते खालच्या नळीवर.

हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. पातळ पत्र्याच्या नळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास १३ वरून १६ मिलिमीटर केला, तर ताकद पावणेदोन पटीहून अधिक होते आणि त्या नळीचं वजन वाढतं ते पाव हिश्श्याच्या आसपास. थोडं वजन देऊन एवढा फायदा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. म्हणून ट्रेकसाठी मी चार तुकड्यांच्या पायांवर थांबेन. पाच तुकडे घ्यावेत ते सामानात खरंच जागा नसेल तरच, आणि तेव्हाही शेवटचा तुकडा शक्यतो न उघडता वापरायचा.

त्यातूनच एक साधी सवय लागते. उंची कमी लागत असेल तेव्हा जाड नळ्या आधी उघडायच्या आणि सगळ्यात बारीक नळी शेवटी. घाईघाईत खालचं लॉक (नळी जागेवर पकडणारी कळ) हाताशी येतं म्हणून तेच आधी फिरवणारे खूप दिसतात. (चिखलात किंवा वाळूत मात्र खालची नळी थोडी बाहेर काढणं शहाणपणाचं असतं, म्हणजे तिच्यावरचं लॉक मातीत बुडत नाही.)

‘कमाल उंची’ म्हणजे मधला खांब उचललेली उंची

हे अनेकांना विकत घेतल्यावर कळतं. मधला खांब वर काढला की तीन पायांच्या पक्क्या बैठकीवर एका काठीचा तोल सुरू होतो. खांब जितका बाहेर, तितका तो वाकतो, आणि तेही सरळ प्रमाणात नव्हे: बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच धक्क्याने वरचं टोक सुमारे आठपट सरकतं. रात्रीच्या फोटोंसाठी खांब पूर्ण खाली असतानाची उंची हीच ट्रायपॉडची खरी उंची माना.

ती किती हवी? तुमच्या डोळ्यांच्या उंचीतून हेड आणि कॅमेऱ्याचे मिळून वीसेक सेंटिमीटर वजा करा, की ताठ उभं राहून फोटो काढायला लागणारी उंची मिळते. पण तेवढी दरवेळी लागतेच असं नाही. कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर फिरत असेल तर छातीच्याही खाली, ११०-१२० सेंटिमीटरवर आरामात काम होतं, आणि उघड्या माथ्यावरच्या वाऱ्यात ते सोयीचंच असतं. स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीला घट्ट बसवलेली असेल तर मात्र विचार बदला. कॅमेरा आकाशाकडे रोखला की स्क्रीन खाली वळते, आणि ट्रायपॉड बुटका असेल तर जमिनीवर आडवं पडून फोकस करावा लागतो. उतारावर खालच्या बाजूचा पाय जास्त लांब करावा लागतो, म्हणून गरजेपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर हाताशी असू द्या.

पायांवर सगळा खर्च, हेड मिळेल ते

मधल्या किमतीच्या संचात कंपनीची काटकसर बहुधा हेडमध्ये दडलेली असते. पाय उत्तम असतात, पण बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारं हेड) घट्ट केल्यावरही कॅमेरा अगदी हळू खाली झुकत राहतो. दिवसाच्या फोटोत हे जाणवतही नाही. रात्री आकाशगंगेची चौकट लावली, हात काढला आणि क्षितिज खाली-वर झालं, असं दोन-चार वेळा झालं की वैताग येतो.

हेड निवडताना बॉल मोठा असावा. घट्ट करायची मूठ हातमोजे घालूनही फिरवता यावी. आडवं फिरवण्याची मूठ वेगळी असावी आणि अंधारात दोन्ही मुठींचा आकार हातालाच वेगळा लागावा. प्लेट आर्का-स्विस पद्धतीची (अनेक कंपन्यांच्या हेडना चालणाऱ्या मापाची) असली तर पुढे हेड बदललं तरी प्लेट वाया जात नाही. हेड आणि पाय स्क्रूने वेगळे होतात का, हेही पाहा. बहुतेक ठिकाणी हा स्क्रू ३/८ इंचाचा असतो. पाय चांगले निघाले तर नुसतं हेड बदलून तोच ट्रायपॉड वर्षानुवर्षं वापरता येतो.

कार्बन की अॅल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. कार्बन हलका असतो, कंपनं लवकर विरवतो, गारठ्यात हाताला तितका झोंबत नाही. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं. आपटलं तर त्याला पोचा येतो, कार्बनला तडा जाऊ शकतो. कार्बन आणि जाड नळ्या यांपैकी एकच परवडत असेल तर बारीक नळ्यांच्या कार्बनपेक्षा जाड नळ्यांचं अॅल्युमिनियम घ्या.

विकत घेण्याआधीची दोन मिनिटं

सगळे पाय पूर्ण उघडा, मधला खांब खालीच ठेवा. वरून तळहाताने दाबा, मग माथा पकडून डावीकडे-उजवीकडे पिळून पाहा. दाबाला बहुतेक ट्रायपॉड टिकतात. कमकुवत ट्रायपॉड पिळताना उघडा पडतो. त्यानंतर आपलाच कॅमेरा आणि असेल ती लांब लेन्स लावा, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर दिसणारं चालू चित्र) पूर्ण मोठा करून दूरच्या एखाद्या अक्षरावर रोखा आणि पायावर बोटाने टिचकी मारा. चित्र थरथरेल. ते शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि दुसऱ्या ट्रायपॉडवर हीच चाचणी करा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे जास्त सांगून जातं.

फोटो अस्पष्ट आला: दोष कुणाचा?

इथे घाई करू नका, कारण चांगल्या ट्रायपॉडवर खापर फुटतं ते इथेच. फोटो पूर्ण मोठा करा आणि तारे व जमीन वेगवेगळी पाहा.

जमीन, झाडं, खडक स्पष्ट आहेत आणि तारे मात्र छोट्या रेघा झालेत, त्याही एकाच वळणाच्या: हा ट्रायपॉडचा दोष नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्याचा हा परिणाम आहे. शटर जास्तीत जास्त किती सेकंद उघडं ठेवावं यासाठी ५०० भागिले लेन्सचं फोकल लेंथ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) हा जुना हिशेब बहुतेकांना पाठ असतो. त्यानुसार फुल फ्रेम (३६ x २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे २० सेकंद मिळतात. पण तेवढ्या वेळात २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वरच्या आकाशातला) तारा साधारण सहा पिक्सेल सरकतो. लहान छापील फोटोत ते दिसत नाही, स्क्रीनवर मोठं केलं की लगेच दिसतं. ५०० ऐवजी ३०० धरा आणि पुन्हा पाहा. सेन्सर लहान असेल तर आधी फोकल लेंथला त्याच्या क्रॉप फॅक्टरने (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान, त्या आकड्याने) गुणा.

तारे गोल आहेत पण फुगलेले, आणि जमीनही मऊ दिसते: फोकस चुकलाय, किंवा लेन्सवर दव बसलंय. लेन्सवर टॉर्च तिरकी धरून पाहा.

फक्त ठळक ताऱ्यांना किंवा दूरच्या दिव्यांना बारीकशी शेपटी आहे, बाकी सगळं ठीक: शटर दाबतानाचा धक्का. वीस सेकंदांतला पहिला अर्धा-एक सेकंद कॅमेरा हलला. अंधारी जमीन तेवढ्या वेळात फारशी उमटत नाही, तेजस्वी ठिपका मात्र उमटतो. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर हलक्या ट्रायपॉडला अनेकदा पुरत नाही. दहाचा लावा, किंवा रिमोट वापरा. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर आरसा आधी वर करून ठेवण्याची सोय चालू करा. गंमत म्हणजे अशा धक्क्याचा सगळ्यात जास्त फटका लांब एक्स्पोजरला (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोला) बसत नाही. १/१५ ते १ सेकंद या संधिप्रकाशातल्या वेगांना बसतो, कारण तिथे थरथर जवळजवळ संपूर्ण एक्स्पोजरभर चालू राहते.

तारे आणि जमीन दोन्ही वेडीवाकडी: वारा, पायाखालची जमीन, किंवा ट्रायपॉडवर चालूच राहिलेलं इमेज स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी कॅमेऱ्याची किंवा लेन्सची सोय). नव्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉड ओळखता येतो म्हणतात, पण रात्रीच्या लांब एक्स्पोजरला ते हाताने बंद करणंच बरं.

एकेक फोटो ठीक आहे, पण ओळीने काढलेल्या फोटोंत जमीन सरकत गेलीय: पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा. चौकट सरळ खाली गेली असेल तर हेड झुकतंय किंवा प्लेटचा स्क्रू सैल आहे. क्षितिज तिरकं झालं असेल तर एखादा पाय रुतलाय किंवा लॉकमधून घसरतोय. संशय आला तर लॉकच्या अगदी कडेला नळीवर चिकटपट्टी लावा, ट्रायपॉडवर थोडा भार द्या आणि काही वेळाने पट्टी आत गेली का ते बघा.

उभा करताना

पाय अडेपर्यंत पूर्ण फाकवा. अर्धवट फाकवलेले पाय बिजागरीवर लोंबकळतात आणि मग कितीही महाग ट्रायपॉड डुलतो. उतारावर दोन पाय उताराच्या खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवा. माती-गवतावर अणकुचीदार टोकं चांगली; कातळावर ती घसरतात, तिथे रबरच हवं. लाकडी पुलावर किंवा फळ्यांच्या मचाणावर कुणी चाललं तरी फोटो हलतो, त्याला कुठलाच ट्रायपॉड उपाय करू शकत नाही. माणसं थांबेपर्यंत आपणही थांबायचं. बर्फात पाय पूर्ण फाकवून खाली दाबू नका. ते आणखी फाकले जातात आणि सगळा ताण बिजागरीवर येतो. आधी थोडे मिटलेले रोवा.

वाऱ्यात कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो फडफडत राहतो. लेन्स हूडही वारा पकडतं. मधल्या हुकला पिशवी टांगायची असेल तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा. हवेत झुलणारी पिशवी ट्रायपॉडला स्वतःच हलवते. टांगलेलं वजन ट्रायपॉड आडवा होण्यापासून वाचवतं, पण बारीक पाय जाड करत नाही. थरथर थांबवायची तर उंची कमी करा आणि पाठीने वारा अडवून उभे राहा.

हेडवरचा पाण्याचा बुडबुडा अंधारात दिसत नाही, कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल वापरा. पायांना थोडी चमकणारी पट्टी लावून ठेवा, नाहीतर कुणीतरी अडखळतंच. उभा फोटो काढायला कॅमेरा हेडच्या खाचेत आडवा पाडला की सगळा भार एका बाजूला जातो. असे फोटो बरेच काढत असाल तर एल आकाराची प्लेट घ्या, म्हणजे कॅमेरा हेडच्या मधोमधच उभा बसवता येतो.

सैल झालं, अडकलं, करकरलं

पाय सोडल्याबरोबर धाडकन खाली पडत असेल तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. तो अॅलन कीने इतका आवळा, की पाय स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यावा. ही की सामानात कायम असू द्या. फ्लिप लॉकचा (खटका उघडून-मिटून लावायच्या लॉकचा) ताणही बहुधा तिनेच वाढवता येतो. ट्विस्ट लॉक (पिळून घट्ट करायचं लॉक) करकरायला लागलं तर आत वाळू गेलीय. जोर लावून फिरवत राहिलात तर आटे झिजतात. लॉक पूर्ण उघडून नळी बाहेर काढा. आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या पडतात, म्हणून त्या कशा बसल्या होत्या याचा आधी फोटो काढा. सगळं पुसून, निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस आट्यांना अगदी पातळ लावा. बॉलला मात्र तेल किंवा ग्रीस लावू नका, तो कोरड्या कापडाने पुसायचा. वंगण लागलं की पकडच सुटते.

समुद्राच्या पाण्यात पाय गेले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि लॉक उघडे ठेवून, पाय बाहेर काढलेल्या अवस्थेत पूर्ण वाळू द्या.