नारळावरचा कोळी: माझा अनुभव

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या परसात आजोबांनी लावलेला माड आहे. दोन वर्षं त्याची कोवळी फळं गळत होती. उरलेले नारळ लहान, वेडेवाकडे, सालीवर तपकिरी भेगा. पाणी कमी पडतंय असं समजून मी आळं भरत राहिलो. तिथेच चुकलो.

एका गळलेल्या फळाची देठाकडची टोपी काढली, तर खाली पांढरट त्रिकोणी डाग. भिंगातून जेमतेम दिसले ते अळीसारखे लांबट, चार पायांचे जीव. हा इरिओफाइड कोळी, म्हणजे जाळं विणणारा कोळी नव्हे, तर रस शोषणारा सूक्ष्म माइट; लांबी साधारण पाव मिलिमीटर. 1965 साली मेक्सिकोतल्या गेरेरोमधून त्याची नोंद झाली, भारतात 1998 मध्ये केरळात आढळला. टोपीखाली लपून रस शोषतो, म्हणून वरवरचा फवारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

गळलेली फळं वेचून जाळली. मग लिटरभर पाण्यात 20 मिली निंबोळी तेल, 20 ग्रॅम लसणाचा रस, 5 ग्रॅम साबण. माडावर चढणाऱ्या काकांना विनवून सांगितलं, पानांवर नको, कोवळ्या घडांवर, टोपीच्या कडेनेच मारा. काही महिन्यांनी पुन्हा मारलं.

डागाळलेले नारळ तसेच राहिले, ते सुधारत नाहीत. पण यंदाचे नवे घड स्वच्छ आहेत. आईने गणपतीला पहिला नारळ घरचाच वाढवला.