तरुण बापांना सोबत करताय? या चुका टाळा

यंत्रमागावर, गारमेंटमध्ये किंवा रिक्षावर काम करणारं 22-23 वर्षांचं पोरगं बाप झालं, की घरात बाळंतिणीची चौकशी होते, बाळाची होते. त्याला कुणी काही विचारत नाही. अशा पोरांजवळ बसणं हे आपलं स्वयंसेवकांचं काम. नवीन माणसं त्यात त्याच त्याच चुका करतात. त्यातली पहिली मी स्वतः केली आहे.

घरच्यांसमोर सल्ला देणं

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. पोराची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी तिच्या देखत त्याला म्हणालो, "रातपाळीवरून आलास की तासभर बाळाला घे, बायकोला झोपू दे." आईचे हात थांबले. पोरगा खाली मान घालून लुंगीला चिकटलेला कापूस काढत राहिला. पुढे तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. सल्ला बरोबर होता, पण आईला वाटलं की हा परका माणूस आपल्या घराची उणीदुणी काढतोय.

तेव्हापासून पहिली भेट मी बाहेरच घेतो, टपरीवर नाहीतर कंबर तलावाकाठी. आईशी ओळख वेगळी करतो. तिने लेकरं कशी वाढवली ते आधी विचारतो. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगू येणारा जोडीदार सोबत नेतो. तुमच्याकडूनही असं झालं असेल, तर फोनवर फोन करू नका. एकदा जाऊन "माझं चुकलं" एवढंच म्हणा.

कामाची पाळी न विचारता वेळ ठरवणं

12 तास मागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या पोराला सकाळी दहाला बोलावलं, तर तो येणार नाही. आला तरी पेंगणार. आधी पाळी विचारा.

बाळ आजोळी असताना "लंगोट बदल" म्हणणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. पहिलं बाळंतपण माहेरी. बायको-बाळ अक्कलकोटला नाहीतर कलबुर्गीला, बाप सोलापुरात. तिथे गेला तरी पाहुण्यासारखा बसतो. "धरायलाच देईनात काका," असं एकाने मला सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

त्याला बाळ आजोळी असतानाही जमतील अशी कामं द्या. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, 21 दिवसांत केली तर फी लागत नाही. ती तू कर म्हणा. पहिल्या बाळासाठी सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5000 रुपये आईच्या खात्यावर हप्त्याने येतात, त्याची कागदपत्रं अंगणवाडीत विचारून जमव म्हणा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींपैकी एका तरी दिवसाची सुट्टी कारखानदाराकडे आधीच मागून ठेवायला सांगा. लशीनंतर त्या रात्री बाळाला ताप आला, तर त्याने तिथे असावं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. बाळ पाच-सहा महिन्यांचं होऊन घरी आलं, की बापाला बघून रडू शकतं. पोरं हे फार मनाला लावून घेतात आणि पुन्हा जवळ जात नाहीत. त्याला म्हणा, ओढून घेऊ नकोस, आईच्या शेजारी बस, बोलत राहा, रोज अंघोळीच्या वेळी पाणी तूच आणून दे. चार-आठ दिवसांत बाळ आवाज ओळखू लागतं.

हातउसने पैसे देणं

देऊ नका. मालकाची उचल फिटत नसते, त्यात तुमची भर पडली की तो तुम्हाला टाळू लागतो.

आपल्या आवाक्याबाहेरचं धरून बसणं

दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नाही. मध आणि घुटीही नको. बायको सतत रडते, किंवा दोघांपैकी कुणी मरणाचं बोलतं, असं कळलं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावून द्या, बोलणं होईपर्यंत शेजारी बसा. घरात मारहाण असेल तर बायकोपर्यंत 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पोचवा, नवऱ्याला समजावण्यात दिवस घालवू नका.

अचानक गायब होणं

यातल्या बऱ्याच पोरांचे वडील लहानपणीच गेलेले असतात, किंवा घरात असून नसल्यासारखे. सोबत थांबवायची असेल तर महिनाभर आधी सांगा, दुसऱ्या स्वयंसेवकाला सोबत नेऊन एक चहा तिघांनी मिळून घ्या, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला फोन करा.