लेवीय 23 मधील सण ख्रिस्ती वाचकाने कसे अभ्यासावेत

प्रथम लेवीय 23 सलग वाचावा, कारण शब्बाथापासून मांडवांच्या सणापर्यंतचा वर्षक्रम तेथे एकत्र दिला आहे. त्यानंतर एकेक सण त्याच्या मूळ घटनेशी आणि मगच नव्या कराराशी जोडावा. हा क्रम उलटला, तर इस्राएलाचा इतिहास केवळ ख्रिस्ताची सावली उरतो आणि ते अन्यायाचे आहे.

वल्हांडणावर, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणावर, अधिक वेळ द्यावा. निर्गम 12 मध्ये एजोब या झुडपाची जुडी कोकराच्या रक्तात बुडवून दाराच्या कपाळपट्टीला व दोन्ही बाह्यांना लावण्याची आणि कोकराचे एकही हाड न मोडण्याची आज्ञा आहे. योहान 19 मध्ये वधस्तंभाजवळ एजोबाचा उल्लेख येतो आणि येशूचे हाड मोडले गेले नाही, हेही नोंदलेले आहे. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचल्यास पौलाने 1 करिंथ 5:7 मध्ये ख्रिस्ताला वल्हांडणाचा यज्ञपशू का म्हटले, हे आपोआप उलगडते.

सप्ताहांच्या सणासोबत, म्हणजे पेन्टेकॉस्टसोबत, प्रेषितांची कृत्ये 2 वाचावे. मांडवांच्या सणात शिलोह तळ्याचे पाणी वेदीवर ओतले जाई. योहान 7:37 मधील तहानलेल्यांना दिलेली हाक ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवूनच वाचावी.

मंडळीत सेदेर भोजन, म्हणजे वल्हांडणाचे यहुदी विधिभोजन, भरवण्याची घाई मात्र करू नये. त्याची आजची मांडणी यरुशलेमच्या मंदिराच्या नाशानंतरच्या यहुदी परंपरेत घडली आहे आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजासह यहुद्यांचा हा सण आजही जिवंत आहे. त्यांचे निमंत्रण मिळाल्यास पाहुणा म्हणून आदराने जावे.