ट्रायासिकचा ब्रॅकिओपॉड ओळखायचा कसा?

ब्रॅकिओपॉड म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारा समुद्री प्राणी, ट्रायासिक म्हणजे साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा काळ. आधी तो साधा शिंपला तर नाही ना ते बघा. फॉसिल समोर धरून मधोमध उभी रेघ कल्पायची, डावी-उजवी बाजू सारखी आली आणि दोन झडपांपैकी एक मोठी, एक छोटी असली, वर मोठीच्या चोचीला बारीक भोक दिसलं (त्यातून देठ बाहेर यायचा, दगडाला चिकटायला) तर ब्रॅकिओपॉड. शिंपल्यात बहुतेक वेळा दोन झडपाच एकमेकींसारख्या असतात. ऑयस्टरचं सोडा, ते कुठलाच नियम पाळत नाहीत.

आता ग्रुप. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियनच्या (ट्रायासिकच्या आधीचा काळ) शेवटी यांचा जवळजवळ निकालच लागला होता, सुरुवातीच्या ट्रायासिक थरांत बऱ्याच ठिकाणी चिवट लिंग्युलाच (जिभेच्या आकाराचा ब्रॅकिओपॉड) जास्त सापडतो. मधल्या ट्रायासिकपासून मात्र चार घराणी परत डोकं वर काढतात: रिंकोनेलिड, टेरेब्रॅट्युलिड, स्पिरिफेरिनिड, अथायरिडिड. भिंग घ्या, कवच थोडं ओलं करा. सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर टेरेब्रॅट्युलिड किंवा स्पिरिफेरिनिड, उरलेल्या दोघांत सहसा ठिपके नसतात. जर्मनीच्या मुशेलकाल्क या ट्रायासिक चुनखडीतला सीनोथायरिस व्हल्गारिस हा गुळगुळीत टेरेब्रॅट्युलिड, काही थर नुसते त्यानेच भरलेत, सराव करायचा तर त्याच्यावरच करा.

पण खरी गोची पुढे आहे, बाहेरचा आकार बघून नाव ठोकू नका! आल्प्समधल्या टेट्रॅक्टिनेलाच्या प्रत्येक झडपेवर चार ठसठशीत कंगोरे असतात आणि ज्युरासिकमधला कायरोथायरिस पण अगदी तसाच दिसतो, आता पहिला अथायरिडिड, दुसरा टेरेब्रॅट्युलिड, म्हणजे नातं तसं लांबचं, तरी आकार तोच.

म्हणून आत बघायचं. फॉसिल चोचीकडून थोडं थोडं घासा, प्रत्येक वेळी पॉलिश, पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा हलका हात, मग अ‍ॅसिटोन टाकून वर अ‍ॅसिटेटची फिल्म, वाळली की सोलून काढायची, घासलेल्या भागाचा ठसा तिच्यावर येतो. फॉसिल यात संपतं, त्यामुळे घासायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवाच. फिल्मवर ठिपक्यांची रांग दोन्ही बाजूंना आली तर आत स्पायरल (अन्न गाळणाऱ्या अवयवाला आधार देणारी गुंडाळी) आहे, म्हणजे स्पिरिफेरिनिड नाहीतर अथायरिडिड. दोनच पट्ट्या आल्या तर लूप (तसाच आधार, पण नुसता वळसा), म्हणजे टेरेब्रॅट्युलिड. रिंकोनेलिडमध्ये चोचीजवळ दोन आखूड हुक, बास.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात हे शोधू नका, तो लाव्हा आहे आणि खूप नंतरचा. भारतात ट्रायासिकचे ब्रॅकिओपॉड स्पितीकडे मिळतात.

आणि स्पायरलवाल्यांना ट्रायासिकच्या शेवटी, २०.१ कोटी वर्षांपूर्वी, जबर फटका बसला, उरलेसुरले ज्युरासिकच्या सुरुवातीला गेले. त्यामुळे स्पायरल दिसलं तर दगड सुरुवातीच्या ज्युरासिकहून नवा नाही एवढं तरी छातीठोक सांगता येतं.